पिस्तुलासाठी पेचकस: साधा सेट की हॉलो ग्राउंड बिट्स?

घरी पिस्तुलाची देखभाल म्हणजे ग्रिप काढणं, साइट (नेम धरायची खूण) सरकवणं, साफसफाई आणि तेलपाणी. ट्रिगरच्या आतल्या भागांना मी हात लावत नाही, ते परवानाधारक आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं काम. एवढ्यापुरती अवजारं घेताना पंच (पिना ठोकून काढायची कांडी), हातोडी, ब्रश यांत फार डोकं लावावं लागत नाही: पंच पितळेचा असावा, हातोडीचं तोंड नायलॉनचं. अडतं ते पेचकसापाशी. नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत मिळतो तसा साधा सेट घ्यावा, की बंदुकीच्या पेचांसाठी बनवलेला हॉलो ग्राउंड बिट्सचा? मी दोन्ही वापरले आहेत.

साधा सेट वाईट नाही. मूठ जाड, हातात छान बसते, आणि कूलरच्या पंपापासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळीकडे चालतो. पण त्याचं पातं टोकाकडे निमुळतं होत जातं आणि पेचाच्या खाचेच्या भिंती असतात सरळ. त्यामुळे पातं खाचेत भरून बसतच नाही, वरच्या दोन कडांवर अडकून राहतं. जोर लावला की वर चढतं आणि सटकतं.

माझ्या पॉइंट टू टू (.२२ बोअर) पिस्तुलाचा ग्रिपचा पेच घट्ट बसला होता. मॅगझिन काढलं, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामं आहे हे दोनदा पाहिलं आणि साध्या पेचकसाने जोर लावला. पातं सुटलं आणि थेट फ्रेमवर गेलं. नखाएवढी रेघ, पांढरी चमकणारी, तिथलं ब्लूइंग, म्हणजे गंजापासून जपणारा काळसर निळा थर, गेलेलं. पेचाच्या खाचेची एक कडही वर उचलली गेली, बोट फिरवलं की कातडीला टोचायची. दिवस कूलरचे, खोलीची हवा ओलसर. आठवड्याभरात त्या रेघेवर तांबूस झाक आली. माझा निर्णय तिथेच झाला.

हॉलो ग्राउंड बिटच्या दोन्ही बाजू टोकापाशी समांतर असतात, म्हणून तो खाचेच्या तळापर्यंत उतरतो आणि जोर पूर्ण भिंतीवर येतो. नीट जुळलेला बिट पेचात ठेवून हात सोडला तरी माझ्याकडे उभा राहतो. मात्र जाडी आणि रुंदी, दोन्ही जुळायला हवीत. रुंदी पेचाच्या माथ्यापेक्षा जास्त झाली तर भोवतालचा धातू खरवडला जातो. म्हणूनच या सेटमध्ये इतके बिट असतात, आणि पैसेही त्याचेच जातात. माझ्या साध्या सेटच्या जवळपास पाचपट पडले. शिवाय कडक पोलादाचा पातळ बिट वाकत नाही, तुटतो. त्याने काही उचकटायला जाऊ नये.

मधला मार्गही आहे: साध्या पेचकसाचं टोक कानस आणि ऑइलस्टोनने घासून एका विशिष्ट पेचाला जुळवून घ्यायचं. एकाच मापाचे दोन-तीन पेच असतील तर हे पुरेसं असावं. ग्राइंडरवर मात्र धरू नका. टोक तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं, कडकपणा जातो आणि मग ते पेचातच पिळवटतं.

ज्यांच्याकडे फक्त दहा मीटरचं एअर पिस्तूल आहे, त्यांचं गणित वेगळं. त्यात बहुतेक पेच ॲलन कीचे (षटकोनी खाचेचे), तेव्हा बिट सेटची घाई कदाचित नको. त्या पैशात चांगल्या पोलादाच्या ॲलन की घ्या. स्वस्त कीच्या कडा गोल होतात आणि मग दीड मिलिमीटरचा पेच आतून गोल व्हायला वेळ लागत नाही.

खाचेचे पेच असलेलं हत्यार असेल, तर मला विचाराल तर हॉलो ग्राउंडच. माझ्या सेटमधले चार-पाच बिटच सतत लागतात, हे खरं. ग्रिपचा पेच मी नवा घातला. फ्रेमवरची रेघ कोल्ड ब्लूने (न तापवता लावायच्या ब्लूइंगच्या द्रावणाने) झाकली, तरी सकाळच्या उन्हात धरलं की ती आजही वेगळी दिसते.