उजनीच्या चिलापीसाठी टेलिस्कोपिक सेट: काय ठेवायचं, काय फेकायचं

हजार-पंधराशे रुपयांत ऑनलाइन मिळणारा गळाने मासे धरायचा सेट: घडीचा टेलिस्कोपिक रॉड, ३००० नंबरची रील, तंगुसाची दोरी, डझनभर गळ, शिसं आणि दोन-तीन तरंगे. कंपन्यांची नावं वेगवेगळी असली तरी माल जवळपास सारखाच. फाल्गुन-चैत्रात उजनी धरणाच्या काठावरून चिलापी (तिलापिया मासा) धरायला तो पुरतो का? पुरतो, पण दोरी आणि गळ पहिल्याच दिवशी बदलायचे.

सोबतची दोरी जाड असते आणि लहान रिळावर बरेच महिने गुंडाळून पडलेली असते. सुटताना ती वेटोळी घेते, बेल (रीलवरची दोरी अडवणारी तारेची कमान) उघडली की चार-पाच वेढे एकदम निसटतात आणि गुंता होतो. नवखा माणूस मग रीलला शिव्या घालतो. त्याऐवजी ०.२५ मिलिमीटरची साधी नायलॉन दोरी घ्या, १०० मीटर पुष्कळ झाली. भरताना ओल्या फडक्यातून ताणून भरायची आणि स्पूलच्या (रीलवर दोरी गुंडाळली जाते त्या रिळाच्या) कडेपासून २ मिलिमीटर जागा सोडायची. काठोकाठ भरली तर पुन्हा तोच गुंता. फार कमी भरली तर दोरी कडेला घासते आणि फेक आखूड पडते.

रीलचा ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरी थोडी-थोडी सोडणारा ब्रेक) हा खरा कच्चा दुवा. नवीन असताना अडकत-अडकत सुटतो. बॅगा मोजायचा हातकाटा दोरीला लावून ओढा. ५ किलो ताण सोसणाऱ्या दोरीला सव्वा किलोच्या आसपास ड्रॅग सुटला पाहिजे. मासा दोरी ओढत असताना मूठ फिरवत बसू नका. दोरी आत येत नाही, नुसता पीळ बसतो. घरी जाताना ड्रॅगची चावी सैल करून ठेवायची, नाहीतर आतल्या चकत्या दबून कायमच्या घट्ट होतात.

रॉड २.१ मीटरचाच घ्या. त्यावर 'कार्बन' लिहिलेलं असलं तरी या किमतीत बहुतेक फायबरग्लासच असतो, आणि चिलापीला ते चालतं. उघडताना टोकाकडचा बारीक भाग आधी, मिटताना मुठीकडचा जाड भाग आधी. सांध्यात वाळू गेली की भाग अडकतो. पक्कड लावली तर नळी चिरते. रबराचे दोन तुकडे धरून हलका पीळ द्या. बुडाचं टोपण फिरवून काढलं की आतून साध्या पाण्याने धुता येतो. उजनीच्या गाळात बसून आल्यावर हे दर वेळी करायला हवं.

आता चिलापीचं. उन्हाळी आवर्तनं सुटली की पाणी मागे सरकतं आणि काठाजवळ उथळ, तापलेला पट्टा तयार होतो. नर तिथे तळाशी ताटाएवढे गोल खड्डे करून राखण करतात. म्हणून लांब फेकायचा अट्टहास नको. काठापासून १०-१५ मीटरवर, ३-४ फूट पाण्यात तरंगा लावा. सेटमधले गळ चिलापीच्या तोंडाला मोठे पडतात. ८ किंवा १० नंबरचा गळ, त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा लहान मणी, आणि आमिष म्हणून गांडुळाचा इंचभर तुकडा. कणकेचा गोळा वाटाण्याएवढाच हवा; मोठा केला तर कुरतडून पळवतात. २ ग्रॅमचा तरंगा या ताठ रॉडने फेकला जात नाही, ६-८ ग्रॅमचा घ्या. तरंगा थरथरला तर थांबा, आडवा सरकू लागला की मनगटाने उचला. गळ काढताना पाठीचे काटे तोंडाकडून शेपटीकडे हाताने दाबत धरा, नाहीतर तळहात फुटतो.

कटल्यासाठी मात्र हा सेट नाही. पाच किलोचा कटला लागला तर टोकाचा भाग मोडतो किंवा रीलची मूठ उलटी फिरायला लागते. रोहू किलो-दीड किलोपर्यंत निघेल, तोही आजूबाजूला जाळी नसेल तर. काठाजवळ मच्छीमारांची जाळी बरीच लावलेली असतात. त्यांच्या खुणांच्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे बघूनच बसा, आणि त्या पट्ट्यात गळ टाकायला परवानगी लागते का हे स्थानिक मच्छीमारांना आधी विचारून घ्या. पाणी नुकतंच हटलेल्या जागी वरून वाळलेला गाळ दिसतो पण पाय गुडघ्यापर्यंत जातो. काठी टेकवत जा.

पार्सल आल्यावर दोन गोष्टी लगेच तपासा. कापसाचा बोळा रॉडच्या प्रत्येक कडीतून फिरवा. तंतू अडकला तर आतल्या पांढऱ्या चकतीला चीर आहे आणि ती दोरी कापणार. मग रीलची मूठ मागे ढकलून बघा; किंचित हलली तर ठीक, पाव फेरा मागे गेली तर परतीची मुदत संपायच्या आत परत पाठवा.