वॉरगेम घ्यायचाय: फासे-तक्तेवाला की पंचाच्या भरवशावरचा?

डिफेन्स स्टडीजच्या पोरांसाठी किंवा आपल्याच ग्रुपमध्ये वॉरगेम, म्हणजे नकाशावर खोटी लढाई खेळून डावपेच शिकायचा खेळ, घ्यायचा म्हटलं की पहिला घोळ इथेच होतो, नियमांचं बाड घेऊन बसायचं की एखादा जाणता रिटायर्ड ऑफिसर पंच म्हणून बसवायचा. दोन्ही पद्धती मूळच्या प्रशियाच्या, म्हणजे जुन्या जर्मन राज्याच्या.

पहिली राइसविट्झ या प्रशियन ऑफिसरची, १८२४ ची. १:८००० चा नकाशा, एक चाल म्हणजे दोन मिनिटांची लढाई, दोन्ही बाजूंनी ऑर्डर लिहून पंचाकडे द्यायच्या आणि नुकसान किती ते फासे टाकून तक्त्यात बघायचं. नवख्यांना ही बरी, कारण सैन्य किती वेळात किती सरकतं, ऑर्डर पोचायला किती उशीर होतो हे अंगवळणी पडतं. पण जाम स्लो. दुपार संपते आणि लढाई अजून नाल्याच्या अलीकडेच.

दुसरी फ्री पद्धत, १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन ऑफिसरने मांडलेली. तक्ते बाजूला, पंच आपल्या अनुभवावरून निकाल देणार. झटपट होते, आणि राजकारण, रसद, अफवा असलं तक्त्यात न बसणारंही खेळता येतं. फक्त पंच कच्चा किंवा कुणाच्या बाजूचा निघाला की सगळंच मुसळ केरात.

आता कोणी म्हणेल मग फासेच बरे, निदान पक्षपात तरी नाही. तर दुसऱ्या महायुद्धातल्या मिडवेच्या समुद्री लढाईआधीचा जपानी गेम बघा. मे १९४२, यामातो जहाजावर फाशांनी जपानी विमानवाहू जहाजांवर नऊ हिट दाखवले, अॅडमिरल उगाकींनी ते तीनवर आणले आणि बुडालेलं कागा हे विमानवाहू जहाज पुढच्या गेममध्ये परत तरंगत होतं! जूनमध्ये खरोखरच जपानची चार विमानवाहू जहाजं गेली. अमेरिकेच्या २००२ च्या मिलेनियम चॅलेंज या लष्करी सरावातही तेच, शत्रूची बाजू खेळणाऱ्या रिटायर्ड जनरल व्हॅन रायपरनी मोटारसायकलवरून निरोप पाठवून गेममध्ये अमेरिकेचं आरमार बुडवलं, आणि ती जहाजं पुन्हा वर काढून गेम पुढे नेला.

म्हणजे पद्धत कुठलीही घ्या, निकाल फिरवला तर का फिरवला हे तिथल्या तिथे लिहून ठेवा, नाहीतर नंतर चर्चा कशावर करणार.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेताय आणि पंच चांगला मिळतोय तर फ्रीच घ्या, जिथे पंचालाच शंका वाटेल तिथे एक फासा, सगळ्यांसमोर. पंच नसेल तर गपगुमान राइसविट्झ, पण छोटी लढाई, प्रत्येक बाजूला एक-दोन बटालियन बास. कॉम्प्युटरच्या मागे आत्ताच लागू नका, आकडे कुठून आले हे पोरांना दिसत नाही. आणि समोरच्याचं सैन्य कुठंय हे कुणाला दिसता कामा नये, लिव्हरपूलला १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलाचे गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि रेन्सच्या (नौदलाच्या महिला शाखेच्या) मुली पाणबुडीविरोधी डावपेच शिकवायच्या तेव्हा जमिनीवरच खेळ मांडून खेळणाऱ्यांना पडद्याच्या फटीतून बघायला लावायच्या, पाणबुडीची रेघ हिरव्या खडूची, जी त्यांना दिसायचीच नाही. आपल्याला दोन खोल्या आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप पुरतो, फक्त मेसेज पंचाने मुद्दाम उशिरा फॉरवर्ड करायचे.