शेतकरी की कूळ?
मुरबाड-शहापूरकडे भाताची लावणी करणाऱ्या कोणालाही आपण सहज शेतकरी म्हणतो आणि ते योग्यच आहे, कारण त्या शब्दात कसणे मुख्य आहे, मालकी नव्हे. ‘कूळ’ मात्र नाते सांगतो: दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसून त्याला खंड (जमीन कसण्याचा मोबदला) देणाऱ्यास कूळ म्हणतात आणि सातबाऱ्यावर त्याचे नाव भोगवटादाराहून (जमीनधारकाहून) वेगळ्या जागी असते. 1948 च्या कुळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी असंख्य कुळे जमिनीची मालक मानली गेली, एवढे या एका शब्दाचे वजन आहे. मजुरीवर राबणाऱ्यास कूळ म्हणणे चूकच, तो शेतमजूर. बोलताना ‘शेतकरी’ पुरेसा आहे, परंतु नवी मुंबईतील भूसंपादनासारख्या विषयावर लिहिताना, जिथे हक्क ठरतो, तिथे कुळाला ‘कूळ’च लिहावे.