एनसीपीएचं तिकीट काढताना: टाटा, भाभा की एक्सपेरिमेंटल?

‘एनसीपीएला आहे’ एवढंच ऐकून तिकीट काढू नका. एनसीपीए म्हणजे मुंबईतलं नाटक-संगीत-नृत्याचं केंद्र, नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर, एकाच आवारात पाच थिएटरं आहेत. गोदरेज डान्स आणि लिटल थिएटर लहान आहेत, तिथं चुकण्यासारखं काही नाही. घोळ होतो तो उरलेल्या तिघांत.

गाणं ऐकायचं असेल तर टाटा थिएटर, विचारच करू नका. १९८० साली उघडलेली ही वास्तू अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सनची, आवाजाची बाजू सिरिल हॅरिसची. खुर्च्या हजाराच्या घरात, पण पंख्यासारख्या पसरलेल्या, म्हणून मागे बसूनही गायक परका वाटत नाही. तोटा एकच: तानपुरा जितका स्वच्छ ऐकू येतो, तितकाच शेजारच्या काकांचा खोकला आणि गोळीचा चुरचुरणारा कागदही.

जमशेद भाभा थिएटरमध्ये खुर्च्या जवळपास तेवढ्याच, अनुभव मात्र अगदी वेगळा. बांधून होत आलेलं हे थिएटर १९९७ च्या आगीत सापडलं, पुन्हा उभं राहून १९९९ मध्ये खुलं झालं. ऑपेरा, सिम्फनी, भव्य सेटचं संगीत नाटक यांसाठी हेच. पण दोन पात्रांचं हळू बोलणारं नाटक असेल, तर बाल्कनीतलं स्वस्त तिकीट मला तरी महाग पडलं. शब्द पोचले, चेहरे नाही.

मराठी नाटकासाठी माझं मत एक्सपेरिमेंटलला. १९८६ चं, सुमारे तीनशे प्रेक्षकांचं काळं, साधं दालन. बसण्याची मांडणी नाटकाप्रमाणे बदलता येते. पु. ल. देशपांडे एनसीपीएचे मानद संचालक होते, आणि मराठी नाटकाचा इथला वावर आजही ‘प्रतिबिंब’ महोत्सवात दिसतो. एकदा तिथं एक नट नुसता गप्प उभा होता. वरच्या ओठावरचा घामाचा थेंब ओघळेपर्यंत आम्ही सगळे तोच बघत होतो. हे भाभामध्ये होणं नाही.

चर्चगेटहून टॅक्सी मिळते, मेट्रोचं विधान भवन स्टेशन त्याहून जवळ. आणि एक्सपेरिमेंटलला पहिली रांग मिळाली, तर पाय आवरून बसा. कधीकधी नट तिथूनच जातात.