८×४२ दुर्बीण, दहा महिन्यांनंतर: भिगवण ते त्सो कार

गेल्या ऑक्टोबरात ही दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिमी) घेतली तेव्हा बर्डिंगवाले मित्र म्हणत होते, दहापटीची १०×४२ घे, थोडेच पैसे जास्त. नाही घेतली, आणि जुलैत लडाखमध्ये रुम्त्से ते कोर्झोक चालताना बरं वाटलं. ५,००० मीटरच्या वरच्या खिंडीत छाती भात्यासारखी हलते आणि तिच्याबरोबर हातही. आठपटीतसुद्धा चित्र थरथरतं. समोरच्या उतारावर स्नोकॉक, म्हणजे तितराच्या कुळातला डोंगरी पक्षी, शिट्टी घालत होता. मला तो हातातल्या हातात सापडला, दहापटवाल्या सोबत्याला आधी टेकवायला धोंडा शोधावा लागला.

त्सो कार या वाटेवरच्या खाऱ्या सरोवरावर हंसाच्या कुळातले पट्टकादंब दिसले, पिल्लांसकट. जानेवारीत भिगवणला होडीतून पाहिलेले हेच. डोक्यावरचे दोन काळे पट्टे दिसताच गाववाले भेटल्यासारखं झालं. खरं तर गाव त्यांचं इकडचं, भिगवणला ते पाहुणे. काळ्या मानेच्या क्रौंचांची जोडी मात्र लांब होती. सकाळी सातला माथ्यावरचा लाल डागही दिसला. अकरानंतर मैदान तापून हवा अशी लहरते की उरतात नुसते करडे ठिपके. तिथे महागडी काचही हात टेकते.

झाडं बघायला दुर्बीण कशाला? ती उलटी धरा. मोठ्या काचेला डोळा लावा, छोटी काच रोपापासून बोटभर अंतरावर न्या, झालं भिंग. खिंडीत थायलॅकोस्पर्मम या जमिनीलगत वाढणाऱ्या वनस्पतीच्या हिरव्या उशा असतात. शेवाळलेला धोंडा समजून मी एकीवर बसणारच होतो, इतकी ती टणक. उलट्या दुर्बिणीतून पाहिलं तर सगळी उशी म्हणजे चांदण्यांसारखे इवले पर्णगुच्छ, इतके दाटीवाटीने की वाऱ्याला शिरायला फट नाही. अर्धा तास पालथा पडून होतो, गाइड वैतागला.

आता तक्रारी. पहाटेच्या थंडीत फोकसचं चाक जड होतं. रात्री दुर्बीण स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचं. काचेवरचा ओरखडा माझ्याच कर्माने: त्सो कारची खारट धूळ टी-शर्टने पुसली. आधी ब्लोअर (हवा फुंकणारा रबरी फुगा) मारा. आतून धुकं एकदाही धरलं नाही. उजवा आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कड) चौथ्या महिन्यातच सैल झाला, दुकानदार म्हणाला वॉरंटीत बसत नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय, लडाखभर तोच टिकला.