मारुती ८००: कार्ब्युरेटरवाली घ्यावी की एमपीएफआय? स्वतः पाना हातात धरणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. जुनी मारुती ८०० घ्यायची आहे, रविवारी स्वतः खटपट करायची आहे, तर कार्ब्युरेटरवाली (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारी जुनी पद्धत) बघू की एमपीएफआय (संगणकाने मोजून इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी नवी)? तिघांनाही मी आधी उलटा प्रश्न टाकला: घरात दुसरी चालती गाडी आहे का? निम्मा निकाल तिथेच लागतो. का, ते सांगायला मात्र बोनेट उघडावं लागेल.

आमच्याकडे दोन्ही आहेत. वडिलांची १९९७ ची कार्ब्युरेटरवाली आणि मी सेकंडहँड घेतलेली २००७ ची एमपीएफआय. दोन्ही बिल्डिंगखाली, उघड्यावर, शेजारी शेजारी. इंजिन दोन्हींचं त्याच घराण्यातलं: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सुमारे ३७ हॉर्सपॉवर. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. मध्ये २००० च्या आसपास पेट्रोल इंजिनात जायची पद्धत बदलली. म्हणून १९९९ ते २००१ मधली गाडी बघत असाल तर आरसीवरच्या वर्षावर विसंबू नका, बोनेट उघडा. इंजिनाच्या डोक्यावर एअर फिल्टरचं मोठं भांडं आणि त्याखाली कार्ब्युरेटर बसलेला दिसला तर जुनी पद्धत. तीन इंजेक्टर आणि त्यांना जोडणारी पेट्रोलची नळी दिसली तर एमपीएफआय. (त्याच सुमारास पाच गिअरची, १२ व्हॉल्व्हची ४५ हॉर्सपॉवरवालीही निघाली होती. तो प्राणी वेगळा, इथे तिचा विचार नाही.)

कार्ब्युरेटर: रोज बोलणारा पाहुणा

कार्ब्युरेटरची गंमत ही की त्यात जे काही बिघडतं ते दिसतं, ऐकू येतं किंवा त्याचा वास येतो. गाडी स्लोवर उभी राहत नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद पडते, पण पळताना छान पळते? स्लो जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात) कचरा. चावी काढल्यावरही इंजिन दोनचार आचके देत घरघरतं? बंद करताना पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड (विजेवरची झडप) बघा. पेट्रोलचा वास आणि काळा धूर? फ्लोटची नीडल (कार्ब्युरेटरची वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाही किंवा चोक (गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी झडप) ओढलेलाच राहिलाय.

ट्यूनिंगला प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि कान लागतो. इंजिन पूर्ण गरम करायचं, मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू हळूहळू आत घ्यायचा, इंजिन अडखळू लागलं की थांबायचं, मग बाहेर सोडत जायचं. सगळ्यात गुळगुळीत चालेल ती जागा सापडली की स्लोचा स्क्रू लावायचा. दोन दिवस गाडी चालवून प्लग काढून बघा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर जमलं. काजळीसारखं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं फटक असेल तर कमी. प्लग हा इथला फुकटचा स्कॅनर आहे.

मात्र हे एकदा करून संपत नाही. पावसाळा लागला की डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या) कॅपमध्ये ओल धरते आणि सकाळी गाडी मिसिंग मारते. कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसली की चालू. दोनतीन आठवडे गाडी उभी राहिली की फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. वडील आठवड्यातून एकदा गाडी सोसायटीला दोन फेऱ्या मारून आणतात. शेजाऱ्यांना वाटतं हौस आहे. ती हौस नव्हे, औषध आहे.

जेट साफ करताना एक चूक टाळा, कारण ती मी पैसे देऊन करून घेतली आहे. एका मिस्त्रींनी (नाव गाव नको) जेटमधून चक्क तार फिरवली. जेटचं भोक म्हणजे मापाचं भोक. ते केसभर मोठं झालं की ॲव्हरेज गेलंच. आमचं गेलं, आणि ट्यूनिंग करून करून वीट आल्यावर शेवटी जेट बदलले तेव्हा परत आलं. कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे आणि हवेचा फवारा, एवढंच वापरायचं.

एमपीएफआय: न बोलणारा, पण वर्षानुवर्षं न कुरकुरणारा

माझ्या २००७ च्या गाडीत पेट्रोलच्या बाजूला पाच वर्षांत मी फारसं काहीच केलेलं नाही. फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवरचा) कार्बन स्प्रेने पुसला, इंजेक्टर एकदा साफ करून घेतले. थंडीत पहिल्या चावीला सुरू. चोक नाही, मनधरणी नाही.

पण बिघाड झालाच तर डोळ्यांना काही दिसत नाही. इथे विचार करायची पद्धतच बदलावी लागते, आणि नवशिके अडतात ते इथेच. गाडी सुरू होत नसेल तर आधी चावी ऑन करून कान द्या. मागच्या बाजूने, टाकीतल्या पंपाची दोनेक सेकंद गुणगुण यायला हवी. आली तर पंपाला वीज मिळतेय. नाही आली तर फ्यूज, रिले आणि अर्थिंग बघायचं, या क्रमाने. नवा पंप विकत घ्यायची पाळी सगळ्यात शेवटी. हा पंप टाकीतल्या पेट्रोलमध्येच बुडून गार राहतो, म्हणून शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकून कायम रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांचे पंप लवकर जातात.

मल्टिमीटर घ्या. साधा चालेल. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर गार असताना साधारण अडीच किलोओहम दाखवतो आणि इंजिन गरम झालं की काहीशे ओहमवर येतो. गरम इंजिनावरही तो हजारांत राहिला तर ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) वाटतं इंजिन गारच आहे, ते जास्त पेट्रोल सोडतं, ॲव्हरेज पडतं आणि तुम्ही इंजेक्टरला दोष देत बसता. माझ्या अनुभवात सेन्सर खराब निघण्यापेक्षा त्याचा कनेक्टर हिरवा पडलेला निघायची शक्यता जास्त. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिन घट्ट करा, मगच दुकानात जा.

ऑनलाइन मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर मात्र आंधळेपणाने मागवू नका. आपल्याकडे गाडीत ओबीडी (बिघाड नोंदवून स्कॅनरला सांगणारी सोय) सक्तीचं झालं ते बीएस-४ या प्रदूषणाच्या निकषापासून, आणि ८०० बीएस-४ मध्ये कधी आलीच नाही. एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूरसह १३ शहरांत तिची विक्री बंद झाली ती त्यामुळेच. तेव्हा तुमच्या गाडीवर स्कॅनर जोडला जातो का, हे कोणाचा तरी उसना आणून आधी बघा.

आणि उंदीर. हसू नका. एमपीएफआयमध्ये वायरिंगचा पसारा मोठा, आणि पावसाळ्यात बोनेटखालची ऊब उंदरांना फार आवडते. एका रात्रीत इंजेक्टरची वायर कुरतडली तर गाडी दोन सिलिंडरवर चालते आणि चेक लाइट लागतो. कार्ब्युरेटरवालीत उंदीर शिरतच नाहीत असं नाही, पण तिथे कुरतडण्यासारखं कमी आहे. आम्ही डांबरगोळ्यांपासून जाळीपर्यंत सगळं करून पाहिलं. रोज गाडी हलवणं हा एकच उपाय टिकला.

जिथे फरक खरोखर टोचतो

धक्का स्टार्ट. कार्ब्युरेटरवालीचा पेट्रोल पंप इंजिनावर चालणारा, यांत्रिक. बॅटरी लुळी पडली तरी दोघांनी ढकललं की बहुतेक वेळा सुरू होते. एमपीएफआयला पंप आणि ईसीयू दोन्हींसाठी वीज हवी. बॅटरी अर्धमेली असेल तर ढकलून जमेलही, पण पूर्ण मेली तर घाम गाळून उपयोग नाही, जंपर केबल डिकीत ठेवा.

पीयूसी. जुन्या, म्हणजे बीएस-२ च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, बीएस-२ आणि बीएस-३ गाड्यांना ०.५ टक्के. ऐकायला कार्ब्युरेटरवालीला सूट वाटते, आणि ट्यूनिंग ठीक असेल तर ती निघतेही. एमपीएफआयची मर्यादा कडक, पण सेन्सर धड असतील तर काही न करता पास होते.

इथेनॉल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि या दोन्ही गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. एमपीएफआयमधला ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू काही मर्यादेपर्यंत पेट्रोल वाढवून घेतं. कार्ब्युरेटरला कोणी सांगायला नाही, त्याला तुम्हीच स्क्रूने थोडं रिच करायचं (पेट्रोल वाढवायचं), आणि तेही स्लोपुरतंच लागू पडतं. रबराचे पेट्रोल पाइप आणि गॅसकेट दोन्हींत तपासा, कार्ब्युरेटरवालीत पंपातला पडदाही. जुना पाइप बोटांनी दाबल्यावर चिकट लागला किंवा त्याला तडे दिसले तर त्याच दिवशी बदला आणि दुकानात इथेनॉल चालणारा पाइप मागून घ्या. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत पारडं एमपीएफआयकडे झुकलं ते मुख्यतः या पेट्रोलमुळे.

पाइपचं काम निघालंच आहे तर: एमपीएफआयची पेट्रोल लाइन दाबाखाली असते. ती उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, नाहीतर पेट्रोलची चिळकांडी थेट तोंडावर येईल. बॅटरीची निगेटिव्ह काढा. आणि गाडी कुठलीही असो, नुसत्या जॅकवर चढवून खाली शिरायचं नाही. घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, शिवाय काढलेलं चाक पत्र्याखाली सरकवून ठेवायचं.

सुटे भाग दोन्हींचे मिळतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसकडची दुकानं, आणि जुना भाग चालणार असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. कार्ब्युरेटरचं किट स्वस्त आहे, पण हलक्या किटमधली नीडल आठवड्यात गळते. एमपीएफआयचे सेन्सर महाग, आणि वापरलेला सेन्सर घेणं म्हणजे लॉटरी.

बाकी सगळं सारखंच

ऑइल, कूलंट, क्लच केबल, ब्रेक, टायमिंग बेल्ट यांत दोन्हींत नाव घेण्यासारखा फरक नाही. ऑइल जेमतेम तीन लिटर लागतं. ड्रेन बोल्ट आवळताना अंगातलं बळ दाखवू नका. मी दाखवलं, आटे गेले, आणि रविवारचं काम बुधवारपर्यंत चाललं. टायमिंग बेल्ट आणि मागच्या ब्रेकचे सिलिंडर पहिल्या वर्षी गॅरेजमध्ये शेजारी उभं राहून करून घ्या. चहा सांगा, प्रश्न विचारा, बहुतेक मिस्त्री आनंदाने शिकवतात.

मग कुठली?

घरात हीच एक गाडी असेल, सोमवारी ऑफिसला जायचंच असेल, तर एमपीएफआय, आणि तीही शक्यतो २००६ नंतरची. त्यामागे कागदाचंही कारण आहे. १५ वर्षांनंतर खासगी गाडीचं पासिंग दर ५ वर्षांनी करावं लागतं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० वरून १०,००० रुपये केली. वर राज्याचा पर्यावरण कर. कार्ब्युरेटरवाल्या सगळ्याच आता विशी ओलांडलेल्या आहेत.

दुसरी गाडी असेल आणि इंजिन म्हणजे काय हे हाताला कळावं अशी इच्छा असेल, तर कार्ब्युरेटरवाली घ्या. मला जे काही येतं ते वडिलांच्या गाडीने शिकवलं. एमपीएफआयवर सुरुवात केली असती तर चेक लाइट लागला की फोन लावायला शिकलो असतो, एवढंच. कोणी एलपीजी किट बसवलेली स्वस्तात देऊ करेल. किटची नोंद आरसीवर आहे का ते बघा, नसेल तर सरळ नको म्हणा.

पण यापैकी कशाहीपेक्षा पत्रा मोठा. गंजलेल्या एमपीएफआयपेक्षा निकोप पत्र्याची कार्ब्युरेटरवाली बरी, आणि उलटही तितकंच खरं. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं. सडलेला पत्रा कापून वेल्डिंग करणं हे रविवारचं काम नव्हे. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात वाढलेली गाडी असेल तर दुप्पट सावध. पायाखालचं मॅट उचला, कार्पेट ओलसर आहे का हात लावून बघा. बॅटरीच्या ट्रेखाली, स्टेपनीच्या खळग्यात आणि दरवाजांखालच्या पट्टीत स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोका. टणटण वाजलं तर ठीक, भसभस वाजलं तर मालकाला नमस्कार करून निघा.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर गप्पा मारता मारता हात सहज बोनेटवर ठेवा. कार्ब्युरेटरवालीचं खरं रूप गार इंजिनावरच कळतं, आणि बोनेट कोमट लागलं तर कोणीतरी तुमच्याआधी तिला समजावून ठेवलेलं आहे.