पाकिटांवर चालवलेलं घर: पाडव्यापासून आजपर्यंतचा अनुभव

गेल्या गुढीपाडव्यापासून आमच्या घराचा महिन्याचा खर्च पाकिटांवर चालतो: प्रत्येक खर्चाचं वेगळं पाकीट आणि त्यात ठरलेली रोख रक्कम. आता होळी तोंडावर आली आहे. म्हणजे शाळेची फी, लग्नसराई, गणपती, दिवाळी, सगळं या पद्धतीतून एकदा तरी पार पडलं. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसता उत्साह कागदावर उतरला असता. आता काय टिकलं आणि काय टिकलं नाही, ते सांगता येईल.

आधी आमचं घर. ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. नवरा वागळे इस्टेटमध्ये नोकरीला, मी ऐरोलीला. दोघांचा मिळून हातात येणारा पगार एक लाखाच्या थोडा वर. घराचा हप्ता सुरूच होता. २०२४ च्या डिसेंबरात आईंची, म्हणजे सासूबाईंची, अँजिओप्लास्टी झाली. विमा होता, पण पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा होती आणि त्या रात्री रिकामी होती ती वरच्या दर्जाचीच खोली. अशा वेळी कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग अशा बऱ्याच रकमा त्याच प्रमाणात खाली येतात. उरलेलं आम्ही भरलं. तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं, १४ टक्के दराने, तीन वर्षांसाठी, हप्ता १०,२५३ रुपये. आणि १,४०,००० क्रेडिट कार्डावर.

खरं ओझं या कार्डाचं होतं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे ४,९०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ८८२. बिलावर 'किमान भरायची रक्कम' यायची साधारण ७,०००. ती वेळेवर भरली की घर निर्धास्त व्हायचं. पण त्या सात हजारांतले ५,७८२ व्याज आणि करातच जायचे, मुद्दल कमी व्हायचं जेमतेम बाराशेने. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्या दिवसापासूनच व्याज लागतं. कार्डावर बाकी असणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा असं मला कळकळीने वाटतं.

म्हणून पाकिटांच्याही आधी आम्ही पाटल्या गहाण ठेवल्या. माझ्या लग्नातल्या, तीन तोळ्यांच्या. बँकेत सोनेतारण कर्ज साडेनऊ टक्क्यांनी मिळालं आणि कार्ड एका फटक्यात शून्यावर आणलं. त्याच १,४०,००० चं व्याज महिन्याला ५,७८२ वरून ११०० च्या आसपास आलं. आईंना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या दृष्टीने सोनं बँकेत ठेवणं ही घराची नामुष्की. मी त्यांच्यासमोर दोन्ही व्याजांचे आकडे वहीत शेजारीशेजारी लिहिले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "मग उद्याच जा."

आता पाकिटांबद्दल. पद्धत नवी नाही, आपल्या आज्ज्या डब्यांमध्ये पैसे वेगळे ठेवायच्याच. पगाराच्या दिवशी आधी हप्ते जातात, आणि ते फिटेपर्यंत सोनेतारणाचे १४,००० जायचे. मग वर्षाच्या खात्यात १२,००० (त्याबद्दल पुढे सविस्तर). उरलेल्यातून वीज, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, दूध असे ठरलेले खर्च खात्यातच राहतात आणि बाकीचं रोखीने पाकिटांत. किराणा ९,०००. भाजी, फळं आणि मासे मिळून ७,०००. प्रवास, औषधं, बाहेरचं खाणं, आणि आम्हा दोघांना प्रत्येकी हजार रुपये हातखर्च. पाकिटाच्या मागे पेन्सिलीने तारीख, रक्कम, शिल्लक. सगळी पाकिटं बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात, फ्रिजवर.

याआधी खर्च नोंदवणारं एक मोबाइल अ‍ॅप वापरून पाहिलं होतं. ते बँकेचे मेसेज वाचून आपोआप वर्गवारी करायचं. त्यात किती गेले ते दिसायचं, पण गेल्यावर. पाकिटात खर्च करायच्या आधीच उत्तर असतं. वीस तारखेला भाजीच्या पाकिटात अकराशे उरले असतील तर पापलेट घ्यायचा की बांगडा, हे तिथेच ठरतं. त्यासाठी कोणी कोणाला काही बोलावं लागत नाही, आणि घरातली कुरबुर कमी होण्याचं मोठं कारण तेच.

पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदींतून पैसा नेमका कुठे जातो ते दिसलं. मला वाटत होतं हॉटेल. निघालं दहा मिनिटांत सामान आणून देणारी अ‍ॅप्स. कोथिंबीर संपली, ब्रेड हवा, मुलीला प्रोजेक्टसाठी चार्ट पेपर हवा, आणि मोफत डिलिव्हरीची रक्कम गाठायला सोबत आणखी दोन वस्तू. महिन्याला चार हजारांच्या वर. ती अ‍ॅप्स तिघांच्या फोनवरून काढली. महिन्याचा किराणा आता जांभळी नाक्यावरून येतो. गहू, तांदूळ, डाळी, गूळ, शेंगदाणे तिथल्या घाऊक दुकानांतून एकदम घ्यायचे, रिक्षाचं भाडं धरूनही फरक पडतो. जाताना यादी हवीच, आणि शनिवारी संध्याकाळी तिकडे फिरकू नये, गर्दीत भाव विचारायलाही सवड मिळत नाही.

औषधांच्या पाकिटाने सगळ्यात मोठा दिलासा दिला. आईंच्या गोळ्या कायमच्या आहेत. डॉक्टरांना विचारून, घटक आणि मात्रा तपासून, त्यातल्या बऱ्याचशा जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो. तिथे आमच्या गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. दोन गोळ्यांबाबत डॉक्टर म्हणाले, आहे तोच ब्रँड चालू ठेवा; त्या तशाच ठेवल्या. मनाने बदल करू नका, विचारूनच करा.

विजेचं सांगायचं तर महावितरणच्या दराचे टप्पे समजून घ्या. ३०० युनिटच्या पुढे गेलात की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर एकदम चढतो. मे महिन्यात आम्ही एसीला टायमर लावला आणि हॉलमधला जुना पंखा बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घेतला. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा तीसच्या आसपास. दिवसभर आई हॉलमध्येच असतात, त्यामुळे तो पंखा बदलण्याला अर्थ होता. सगळे पंखे एकदम बदलायच्या भानगडीत पडलो नाही. प्रवासात, ठाणे ते ऐरोली मासिक पास काढायचे ते त्रैमासिक काढायला लागले, तीन मासिक पासांपेक्षा तो स्वस्त पडतो. एवढंच.

आता वर्षाच्या खात्याबद्दल. सगळ्या पद्धतीचा प्राण मला यात दिसला. आमचं कुठलंही बजेट पूर्वी दोन-तीन महिन्यांच्या वर टिकायचं नाही, आणि कारण नेहमी 'या महिन्यात जरा वेगळा खर्च आला' हे असायचं. जूनमध्ये फी, वह्या, गणवेश, रेनकोट. मग गणपती. मग विम्याचा हप्ता, दिवाळी, स्कूटरचा विमा, मालमत्ता कर, गावची फेरी, वॉटर प्युरिफायरची सर्व्हिस, मे आणि डिसेंबरातली लग्नं. प्रत्येक महिना कशाने ना कशाने वेगळाच असतो. मार्चमध्ये एका रविवारी आम्ही बारा महिन्यांचे असे सगळे खर्च एका पानावर लिहिले. बेरीज आली १,४४,०००. भागिले बारा, महिन्याला १२,०००. आकडा बघून नवरा बराच वेळ बोललाच नाही, कारण हा खर्च आम्ही कधी खर्च म्हणून मोजलाच नव्हता, आणि दरवर्षी तो कार्डावरच जाऊन बसायचा.

हे पैसे डब्यात ठेवू नका. आम्ही दुसऱ्या बँकेत वेगळं बचत खातं उघडलं, त्याचं डेबिट कार्ड आईंच्या कपाटात. ठाणे महापालिकेचा मालमत्ता कर वर्षाचा एकदम लवकर भरला की सवलत मिळते. हाताशी पैसा असल्याने ती यंदा पदरात पडली. आईंच्या आरोग्यविम्याचं नूतनीकरण ऑक्टोबरात होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. मूळ हप्ता ३२,००० तोच राहिला, पण कराचे ५,७६० वाचले. बाजूला काढलेले असल्यामुळे ते कुठे विरून गेले नाहीत, त्याच दिवशी सोनेतारणात भरले.

एक अडचण मात्र सांगायला हवी. पाडव्याला सुरुवात केली की जूनपर्यंत खात्यात तीनच महिन्यांचे पैसे जमतात आणि शाळेचा खर्च सगळा समोर उभा राहतो. आम्ही एप्रिल आणि मे महिन्यांत बाहेरच्या खाण्याचं पाकीट रिकामंच ठेवलं आणि जूनमध्ये सोनेतारणात १४,००० ऐवजी ५,००० भरले. सुरुवात दिवाळीनंतर केली तर हे सोपं जाईल.

श्रावणाबद्दल माझी एक समजूत होती की मासे बंद, म्हणजे पाकीट सुटेल. तसं अजिबात होत नाही. साबुदाणा, शेंगदाणे, तूप, राजगिरा, रोजची फळं, फुलं. भाजीचं पाकीट उलट लवकर संपलं. पुढच्या श्रावणासाठी पाचशे जास्त धरले आहेत.

रोखीची कटकट आहे, हे खरं. हल्ली भाजीवालीही क्यूआर पुढे करते आणि पाचशेची नोट काढली की सुट्ट्यांवरून वाद. बँकेतून पन्नास आणि शंभरच्या नोटा मागून आणाव्या लागतात, आणि दर वेळी मिळतीलच असं नाही. नवऱ्याच्या रिक्षा आणि चहासाठी आम्ही यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधलं छोट्या रकमांचं पाकीट, वापरतो. दर सोमवारी ठरलेली रक्कम टाकायची, संपली की पुढचा सोमवार. त्यात एका वेळी हजाराच्या आतच पैसे जातात, म्हणून किरकोळ खर्चाला ते पाकिटासारखंच चालतं.

काही गोष्टींना हात लावायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. घरकामाच्या मावशींचा पगार आणि दिवाळीचा बोनस. मुलीचा कथकचा क्लास. आणि दोघांचा हातखर्च, ज्याचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. हजार रुपये ही काही फार मोठी रक्कम नाही, पण ती नसती तर ही पद्धत गणपतीपर्यंतही टिकली नसती असं मला मनापासून वाटतं. कर्ज फेडणाऱ्या घरात प्रत्येक रुपयावर चर्चा होऊ लागली की माणसं एकमेकांवर चिडू लागतात. मी माझ्या हजारातून गडकरी रंगायतनला मैत्रिणीबरोबर नाटक पाहिलं, तेव्हा घरी येऊन तिकीट कितीचं होतं ते सांगावं लागलं नाही. त्या मोकळेपणाची किंमत कुठल्याच वहीत लिहिता येत नाही.

आहेराचा विषय नाजूक आहे. लग्नाला जायचं आणि हात आखडता घ्यायचा हे आपल्याकडे जड जातं. आम्ही सख्ख्या नात्यातले आणि बाकीचे असे दोन आकडे ठरवले आणि वर्षाच्या खात्यात धरले. कोणी नावं ठेवली असतील तर आमच्या कानावर आलेली नाहीत. भावजयीला मी आमची परिस्थिती सरळ सांगितली. तिने दिवाळीला साड्यांची देवाणघेवाण आपणहून थांबवली.

निकाल असा: संक्रांतीनंतर सोनेतारण बंद झालं आणि पाटल्या घरी आल्या. दिवाळीच्या बोनसचा त्यात मोठा वाटा होता, नुसत्या पाकिटांनी हे झालं असं मी म्हणणार नाही. घराच्या कर्जालाही काळाने साथ दिली. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५० वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला. आमचा दर खाली आल्यावर आम्ही हप्ता तोच ठेवला आणि मुदत कमी करून घेतली. बँक कोणता पर्याय लावते ते पत्र पाठवून विचारा, गृहीत धरू नका.

आता उरलंय ते वैयक्तिक कर्ज, दोन लाखांच्या थोडं वर. मोकळे झालेले १४,००० तिकडे वळवावेत असं नवऱ्याचं म्हणणं होतं. करारपत्र काढून पाहिलं तर मुदतपूर्व भरण्यावर ४ टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी. १ जानेवारी २०२६ पासूनचा रिझर्व्ह बँकेचा शुल्कमाफीचा नियम बदलत्या दराच्या, त्या तारखेपासून पुढे मंजूर झालेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना आहे. आमचं जुनं आणि स्थिर दराचं. म्हणून सध्या हप्ता चालू ठेवून ते पैसे आवर्ती ठेवीत टाकतोय. तीन महिन्यांचा घरखर्च जमला की मग शुल्क धरून पुन्हा हिशेब मांडू. आईंचं वय पाहता पुढच्या वेळी कार्ड काढायची वेळ येऊ नये, हे आम्हाला व्याजातल्या काही हजारांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

ज्यांचा पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो त्यांना ही पद्धत मी नक्की सुचवेन. कमिशनवर किंवा धंद्यावर घर चालत असेल तर पाकिटं आठवड्याची करा, आणि वर्षातला सगळ्यात कमी कमाईचा महिना धरून रकमा ठरवा. माझ्या धाकट्या दिराने रिक्षाच्या उत्पन्नावर तसंच बसवलं आहे. सोनेतारण घेणार असाल तर दोन गोष्टी आधीच विचारून घ्या: मधे थोडीथोडी रक्कम भरता येते का, आणि भरल्यावर व्याज उरलेल्या मुदलावरच लागतं का. आमच्या बँकेत दोन्हींचं उत्तर हो होतं, आणि दर वेळी भरल्याची पावती मागून घेऊन ती वहीत चिकटवली.